सही न करणारा मालक

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात, नाव मुद्दामच सांगत नाही, देवराईच्या काठावर एक म्हातारा भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, वेचत बसला होता. मे महिन्याचा शेवट, पहिला पाऊस कधीही येईल असे आभाळ. राईच्या आत पडलेल्या भिरंडांना तो हात लावत नव्हता. बाहेर घरंगळलेली तेवढी टोपलीत टाकत होता. माझ्याबरोबर पणजीहून आलेले एक ओळखीचे गृहस्थ होते, जमिनीत पैसा घालणारे. त्यांनी सहज विचारले, "आबा, ही जागा कुणाची?" म्हातारा म्हणाला, "देवाची." "कधी विकतील का?" म्हाताऱ्याने टोपली खाली ठेवली आणि आमच्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहिले. "विकूंक सही लागता. देव खंय सही करतलो?"

गृहस्थ हसले, मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेले नाही. म्हाताऱ्याने बसल्याबसल्या जे सांगून टाकले, त्यावर विलायत-अमेरिकेतले लोक सव्वाशे वर्षे डोके खपवत आहेत. जमीन टिकवायची असेल तर तिला सही न करणारा मालक लागतो.

गोव्यात सध्या निसर्गाच्या कार्यक्रमांना तोटा नाही. हिवाळ्यात करमळीच्या तळ्यावर रविवारी पहाटे दुर्बिणी घेतलेल्यांची गर्दी असते, पावसाळ्यात चोर्ला घाटात बेडूक पाहायला रात्री माणसे येतात. शाळाशाळांतून निसर्ग मंडळे आहेत, जुलैत वनमहोत्सव आहे. मी शिक्षक होतो तेव्हा या सगळ्यात हौसेने भाग घेतला, निवृत्तीनंतरही घेतो. त्यामुळे पुढचे लिहितो ते बाहेरून टीका करायची म्हणून नव्हे. माझ्या स्वतःच्या हातून झालेला गाढवपणा त्यात आहे.

काही वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातल्या एका सड्यावर आम्ही मुलांना घेऊन झाडे लावायला गेलो. एका कंपनीने रोपे दिली होती, टोप्या दिल्या होत्या, मागे फलक होता. पाऊस नुकताच ओसरला होता आणि सडा फुलला होता. ज्यांनी जुलै-ऑगस्टमधला सडा पाहिलेला नाही त्यांना तो उघडा माळच वाटणार. पण जांभ्या दगडाच्या खळग्याखळग्यात पाणी साचलेले असते, त्यात बोटभर उंचीचे गेंद, निळीजांभळी सीतेची आसवे, आणि नीट वाकून पाहिले तर पानांवर चिकट थेंब मिरवणारी, किडे खाणारी दवबिंदू. आम्ही काय केले? त्यावर पहारी चालवल्या. साठ खड्डे खणले, साठ रोपे लावली, साठ मुलांचे साठ फोटो काढले. ज्या जमिनीला झाडे नकोच होती, तिच्यात झाडे रोवून परत आलो. एक मुलगी, पाचवीतली असेल, खड्ड्यातून निघालेले गेंदाचे एक रोपटे हातात घेऊन उभी होती. "सर, हे परत कुठे लावू?" तिला मी काय उत्तर दिले ते आठवत नाही, बहुधा काहीच दिले नाही.

दुसऱ्या वर्षी रोपे जगली का पाहायला गेलो तर सड्याभोवती जाळीचे कुंपण, लोखंडी फाटक, आत चुन्याने आखलेले भूखंड. त्याच तालुक्यातला मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि त्याच्या आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सड्याचे मालक कोण होते? तेवीस वारसदार, त्यातले निम्मे मुंबईला. एकेकाची सही गोळा करायला दलालाला आठ महिने लागले म्हणे. आमचा कार्यक्रम झाला त्या दिवशीही सह्या चालूच असतील. आम्ही मुलांना झाडांची नावे शिकवत होतो आणि पायाखालची जमीन हस्तांतरित होत होती. जमीन कुणाची आहे, हा प्रश्न आमच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हता. आजही बहुतेक निसर्गशिबिरांच्या कार्यक्रमपत्रिकेत तो नसतो.

माझे म्हणणे एवढेच आहे: ज्या निसर्गकार्यक्रमाच्या पाठीशी राखलेली जमीन नाही, तो कार्यक्रम सहलच. सहलीला माझा विरोध नाही. तिला संवर्धन म्हणू नये.

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. त्यातला पाचवा हिस्सा अभयारण्ये आणि मोलेचे राष्ट्रीय उद्यान यांत आहे, तो नकाशावर तरी सुरक्षित. उरलेल्या गोव्यात सडे, कुळागरांच्या, म्हणजे सुपारी-माडाच्या बागांच्या, वरची रानपट्टी, खाडीकाठची बांध घातलेली खाजने, गावोगावच्या राया, ओहोळाकाठची झाडी हे सगळे कुणाच्या ना कुणाच्या एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या मालकी-वहिवाटीच्या उताऱ्यावर, आहे. आणि सही करवून घेणे दिवसेंदिवस सोपे होत चालले आहे. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली कलम १७(२) आले, पुढच्या वर्षी कलम ३९-अ आले. गावाचा आराखडा ठरलेला असतानाही एकेका सर्व्हे नंबरचा विभाग बदलून घ्यायची वाट त्यांनी उघडली. न्यायालयात त्यावर काथ्याकूट झाला आणि होईल. पण न्यायालये विभाग बदलण्याची प्रक्रिया तपासतात, मालकाला विकू नकोस असे ती सांगू शकत नाहीत. ते सांगायचेही नाही. जमीन विकणे हा गुन्हा नव्हे.

मग बाहेरच्यांनी काय केले? १८९१ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात चार्ल्स एलियट नावाच्या उद्यानरचनाकाराच्या पुढाकाराने लोकांसाठी जमिनी राखून ठेवणारी पहिली संस्था कायद्याने उभी राहिली. ग्रंथालय जशी पुस्तके ठेवते तशी या संस्थेने सुंदर जागा ठेवाव्यात, अशी त्याची कल्पना. चार वर्षांनी इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट निघाला आणि १९०७ च्या कायद्याने त्याला एक विलक्षण अधिकार मिळाला: आपली एखादी जमीन 'अविक्रेय' म्हणून जाहीर करण्याचा. एकदा जाहीर केली की विश्वस्तांनाही ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. अधिकार म्हणण्यापेक्षा ही स्वतःच्या हाताला घालून घेतलेली बेडीच. आमच्या म्हाताऱ्याचा देव त्यांनी संसदेत बसून तयार केला.

अमेरिकेत पुढे याची आणखी एक तऱ्हा निघाली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, शेती करतो, मुलांना देतो, विकतोसुद्धा. फक्त तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तो कायमचा सोडून देतो आणि तो हक्क संस्थेच्या नावे नोंदला जातो. पुढचा कितवाही मालक येवो, ती नोंद जमिनीबरोबर जाते. बदल्यात मालकाला करात सवलत मिळते. संस्थेची जबाबदारी एकच, पण ती कधी न संपणारी: दरवर्षी जाऊन जमीन पाहायची, पहिल्या वर्षीच्या नोंदीशी आणि छायाचित्रांशी ताडून बघायची, कुणी काही खणले-बांधले तर भांडायचे. यात लबाड्याही भरपूर झाल्या. गोल्फच्या मैदानांवर 'संवर्धन' दाखवून धनिकांनी कर बुडवले, हे तिकडच्याच सरकारने उघडकीस आणले. माणसे इथूनतिथून सारखीच.

पण तिथल्या छोट्या गावांतल्या अशा संस्थांच्या निसर्गकार्यक्रमांकडे पाहिले की आपल्या आणि त्यांच्या कार्यक्रमांतला फरक कळतो. तीच पक्षीगणना, तीच मुलांची शिबिरे, तेच फुलपाखरू-दिन. पण ते संस्थेच्या स्वतःच्या किंवा तिच्या राखणीतल्या जमिनीवर होतात. ज्या जागेवर वर्षातून चार वेळा मुले हिंडतात, त्या जागेवर एखादी खूण हलली तर कुणाच्या तरी लक्षात येते. वार्षिक पाहणी आणि सहल यांची तिथे सांगड बसलेली असते. जमीन राखणाऱ्याला डोळे लागतात, ते डोळे कार्यक्रमातून तयार होतात. आपण डोळे तयार करतो आणि त्यांना पाहायला जागा देत नाही.

हे सगळे उचलून गोव्यात आणून ठेवावे का? नाही. एक तर कायदा आडवा येतो. आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वहिवाटीचा हक्क हा शेजारच्या जमिनीच्या उपभोगासाठी असतो: माझ्या शेतात जायला तुझ्या बांधावरून वाट, माझ्या कुळागराला तुझ्या भाटातून पाट. शेजारी जमीन नसलेल्या संस्थेला, केवळ पक्षी-फुलांच्या भल्यासाठी, दुसऱ्याच्या जमिनीवर कायमचा हक्क घ्यायची सोय त्यात नाही. भातशेत विकत घ्यावे म्हटले तर २०२३ च्या कायद्याने ते शेतकऱ्यालाच विकता येते. हा कायदा मला आवडतो, पण संस्थेला तो अडवतोच.

दुसरी अडचण मोठी आहे. गोव्याच्या माणसाला 'ट्रस्टने जमीन घेतली' हे वाक्य ऐकल्याबरोबर जुने भाटकार, म्हणजे जमीनदार, आठवतात. नवे भाटकार तर रोज डोळ्यांसमोर आहेत. डोंगरावर वीस हेक्टर घ्यायचे, 'निसर्ग राखतो' म्हणायचे, आत पाच बंगले आणि एक तरणतलाव बांधायचा, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या वाटेने गुरे नेणाऱ्या धनगराला फाटकावरच्या राखणदाराने हटकायचे. अशा राखणीपेक्षा सरळ भूखंड पाडलेले बरे, निदान ढोंग तरी नाही. तेव्हा जो मालक उभा करायचा तो गावातून उभा राहिला पाहिजे.

आणि तो पूर्वी होताच. १५२६ साली आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने जो फोराल, म्हणजे सनद, लिहिला, त्यात पोर्तुगीज येण्याआधीपासून चालत आलेली गावकरीची वहिवाट नोंदली गेली. जमीन गावाची, ती लिलावाने कसायला द्यायची, आलेल्या पैशातून आधी बांध, मग देऊळ, गावची कामे, आणि उरले ते गावकऱ्यांत वाटायचे. एकट्या गावकऱ्याला आपला वाटा कापून विकता येत नसे. पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटले, १९०४ साली आणि पुन्हा १९६१ साली तिच्या नियमांची संहिता केली. आजही सव्वादोनशेच्या आसपास कोमुनिदादी कागदावर जिवंत आहेत. जगात जे लोक 'सामूहिक जमीन कशी टिकते' यावर परिसंवाद भरवतात, त्यांनी खरे तर आपल्याकडे यायला हवे. आले तर त्यांना काय दाखवायचे हा प्रश्नच आहे. कोमुनिदादच्या जमिनीवर अतिक्रमणे झाली, निवडणुकीच्या तोंडावर ती नियमित करण्याची आश्वासने झाली, २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात तर कोमुनिदाद जमिनीवरची जुनी घरे कायम करण्यासाठी संहितेलाच नवे कलम जोडले गेले. ज्यांची घरे तिथे खरोखरच आहेत त्या गरिबांना हाकलावे असे मी म्हणणार नाही. पण ज्याला सही करता येत नव्हती त्या मालकाच्या वतीने सरकारने सही केली, हे तरी मान्य करावे.

गावकरीचे गोडवे गाणारे एक गोष्ट सोयीने विसरतात. गावकरी म्हणजे गाव नव्हे. अनेक ठिकाणी तिच्यात मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला, जागा नव्हती, राबणाऱ्याला नव्हती, आणि बाईला तर नव्हतीच. बांध फुटला की धावायचे सगळ्यांनी, वाटा घ्यायचा काहींनी. ती व्यवस्था तशीच परत आणा म्हणणाऱ्याला मी माझ्या आईचे नाव सांगेन. ती शेतात जन्मभर गुडघाभर चिखलात उभी राहिली आणि गावच्या एकाही कागदावर तिचे नाव नाही.

देवरायांचेही तसेच. देव सही करत नाही हे खरे, पण देवस्थान समितीचे अध्यक्ष करतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत सत्तरी-डिचोलीत किती राया 'जीर्णोद्धारा'त गेल्या ते मोजायला हवे. दगडी चौथऱ्यावरच्या देवावर आधी पत्रे येतात, मग स्लॅब येतो, मग सभामंडप, मग गाड्या लावायला जागा हवी म्हणून जुना वेळ्याचा वृक्ष तुटतो. भाविकच तोडतात, श्रद्धेने तोडतात. तरी काही जागा अजून शाबूत आहेत. बांबरच्या निरंकाराच्या राईत एकदा तरी जाऊन यावे. वर्षभर पाणी मुरलेली चिखलाची जमीन, त्यात रानजायफळाच्या जातीची झाडे, आणि चिखलातून वर येऊन पुन्हा खाली वळलेली मुळे: कुणीतरी गुडघे मोडून बसले आहे असे वाटते. पश्चिम घाटातली ही अत्यंत दुर्मिळ दलदल, आणि तिचा मालक निरंकार, ज्याला आकारच नाही. सही तर सोडाच, अंगठाही नाही. ज्या पूर्वजाला हे सुचले त्याला मी कायदेपंडित म्हणतो.

खाजनांविषयी मात्र जरा थांबून बोलले पाहिजे, कारण 'जमीन राखणे' म्हणजे कुंपण घालून बाजूला होणे, हा समज तिथे पुरता मोडतो. खाजन ही माणसाने समुद्राकडून उसनी घेतलेली जमीन. बाहेरून बांध, बांधाला मानस, म्हणजे भरती-ओहोटीबरोबर आपोआप मिटणारी-उघडणारी लाकडी दारे. भरतीला खारे पाणी दार ढकलून मिटवते, ओहोटीला आतले पाणी ते उघडून बाहेर पडते. भात, मासे, मीठ, तिन्ही एकाच व्यवस्थेतून. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जातो, त्याचा पैसा बांधाच्या डागडुजीला. कूळ कायद्यानंतर ही राखण गावकरीकडून कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्याला जमीन मिळाली हे न्याय्यच होते. पण बहुतेक कुळांच्या मुलांनी शेती सोडली, संघाच्या बैठका गणपूर्तीअभावी तहकूब होऊ लागल्या, आणि लिलाव घेणाऱ्याचा जीव माशात. तो भरतीलाही दारे अडकवून उघडी ठेवतो, कारण खारे पाणी आत आले की कोळंबी येते. दोन वर्षांत शेत खारवते, चार वर्षांत खारफुटी उगवते, आणि खारफुटी आली की किनारा नियमनाच्या कायद्याने तिला हात लावता येत नाही. आता हे शेत वाचले म्हणायचे की बुडाले? शहरातला निसर्गप्रेमी खारफुटी पाहून खूष होतो. ज्याने त्या चिखलात आसगो-कोरगुट भात पेरलेला पाहिला आहे, त्याला ते बघवत नाही. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत २०२२ साली गोव्याचे पहिले नाव लागले ते कुडचड्याच्या नंदा तळ्याचे, जेमतेम ४२ हेक्टरांचे. त्याचेही पाणी दाराने अडवले-सोडले जाते आणि खालच्या शेतांना जाते. करमळीचे तळेही जुन्या गावाने शेतीसाठीच बांधलेले. पक्षी नंतर आले. म्हणजे आपल्याकडे राखायची जमीन बहुतेक वेळा वापरातली जमीन असते. वापरणारा गेला की तीही जाते.

'मग सरकारकडेच द्या ना, अभयारण्य करा,' असे म्हणणारे मित्र मला आहेत. त्यांना मी म्हादई अभयारण्यातल्या गोळावली गावाची आठवण देतो. म्हादई अभयारण्य १९९९ साली राष्ट्रपती राजवटीत जाहीर झाले, आणि त्याबद्दल त्या वेळच्या राज्यपालांचे आभारच मानले पाहिजेत, कारण निवडून आलेले सरकार ते करते असे मला वाटत नाही. पण जाहीर करण्यात जेवढी तडफ दाखवली, तेवढी आतल्या गावांचे हक्क ठरवून देण्यात दाखवली नाही. २०२० च्या जानेवारीत गोळावलीत एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले विष घालून मारलेली सापडली. गुरे मारल्याच्या रागातून ते घडले. २०२३ साली उच्च न्यायालयाने व्याघ्रक्षेत्र जाहीर करायला सांगितले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघांना मारणे अक्षम्यच आहे. पण मी त्या भागातल्या माणसांशी बोललो आहे. त्यांच्या लेखी अभयारण्य म्हणजे वनखाते, वनखाते म्हणजे नोटीस. सरकार हाही एक मालकच, आणि तो सही करतो. महामार्गासाठी करतो, रेल्वेच्या दुपदरीकरणासाठी करतो, वीजवाहिनीसाठी करतो. मोलेच्या रानातून हे तिन्ही न्यायचे ठरले त्या वेळी ते सगळ्यांनी पाहिले.

मला जे सुचते ते फार मोठे नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव क्षेत्र' नावाची तरतूद आली आहे. एखाद्या माणसाने किंवा गावाने आपणहून पुढे यायचे, आपली जमीन राखायची म्हणायचे. मालकी त्याचीच राहते. पंचायतीने नेमलेले लोक आणि वनखात्याचा प्रतिनिधी यांची समिती होते, आणि त्यानंतर जमिनीचा वापर बदलायचा तर समितीचा ठराव लागतो, सरकारची मान्यता लागते. केरळात कडलुंडीला खाडीच्या मुखाशी असे क्षेत्र २००७ मध्ये झाले. अमेरिकेतल्या त्या सोडून दिलेल्या हक्काची ही आपली देशी बहीण. फरक इतकाच की हिला संस्थेऐवजी पंचायत राखते, म्हणजे हिच्यात मुंडकार येतो, बाई येते.

गोव्यातल्या माणसाला तर ही कल्पना परकी वाटायलाच नको. आपल्या नागरी कायद्यात नवऱ्याला बायकोच्या सहीवाचून स्थावर विकता येत नाही. बाहेरून आलेला गिऱ्हाईक यावर चक्रावतो, आपल्याला त्यात नवल वाटत नाही. दोन सह्या लागतात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. काही थोड्या जमिनींसाठी, राईसाठी, सड्यासाठी, झरीच्या वरच्या रानासाठी, तिसरी सही मागायची: गावाची. एक-चौदाच्या उताऱ्यावर कब्जेदार असतो, कूळ असते, आणि एक 'इतर हक्क' नावाचा रकाना असतो. बहुतेक उताऱ्यांवर तो कोरा असतो, नाहीतर बँकेचे कर्ज तिथे येऊन बसलेले असते. बँकेचा हक्क जर तिथे लिहिता येतो, तर गावाचा का येऊ नये? कर्ज असलेली जमीन घेताना गिऱ्हाईक दहादा विचार करतो. तसाच विचार त्याला या ओळीपाशी करावा लागला तर पुरे आहे.

छोट्या जागांसाठी तर हे लागणारच, कारण मोठे कायदे त्यांना ओळखत नाहीत. खासगी वन ठरवायचे निकष गोव्यात असे आहेत: किमान पाच हेक्टर, वृक्षांपैकी पाऊण हिस्सा रानातल्या जातींचा, आणि छत्राची घनता ०.४, म्हणजे निदान चाळीस टक्के जमीन झाडांच्या छायेखाली. गोव्यात जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झालेली डिचोली तालुक्यातल्या सुर्लाची पूर्वतळी राय आहे ०.७३ हेक्टर. निकषाच्या सहाव्या भागाएवढीही नाही. आणि सड्याला तर छत्रच नसते. उघडे असणे हाच त्याचा धर्म. त्याखाली मुरलेल्या पाण्यावर खालची झरी चालते, झरीवर कुळागर चालते, कुळागरावर सुपारी-माडाचे घर चालते, पण हे सगळे निकषांच्या कोष्टकात कुठे लिहायचे?

आता कळीचा मुद्दा. मालकाने हे का करावे? त्याच्या सड्याला कोटीचा भाव आलेला असताना, मुलीचे लग्न आणि बापाचे डायलिसिस एकाच वर्षी आलेले असताना, त्याने गावाच्या झरीसाठी हात आखडावा, असे पणजीच्या सभागृहात बसून सांगणे मला जमत नाही. त्याला पैसे दिले पाहिजेत. दरवर्षी, भाड्यासारखे. कोकणात संगमेश्वरच्या बाजूला पुण्याच्या एका संस्थेने खासगी रान न तोडण्याबद्दल मालकांशी असे करार केलेले आहेत, तेव्हा ही हवेतली गोष्ट नाही. गोव्यात पैसा कुठून आणायचा? सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये खनिजाच्या विक्रीतला दहा टक्के वाटा लोहखनिज कायम निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. तो निधी पडून आहे. ज्या डोंगरांच्या पोटातून तो पैसा निघाला, ते डोंगर परत येणार नाहीत. त्याच्या व्याजातून उरलेल्या डोंगरांचे भाडे भरणे यापेक्षा सरळ हिशेब मला तरी दिसत नाही. खाणीमुळे ज्यांच्या झरी आटल्या ते शिरगाव-मयेचे लोक या हिशेबाला विरोध करतील असे वाटत नाही. राजकारणी करतील, कारण या खर्चाचे उद्घाटन करता येत नाही. काहीच बांधलेले नसते ना!

आणि निसर्गकार्यक्रम? ते हवेतच, उलट जास्त हवेत, पण त्यांचे काम बदलले पाहिजे. वनमहोत्सवाला खड्डे खणण्याऐवजी मुलांनी गावच्या राखीव तुकड्याची हद्द चालून यावी. सीमेचे दगड मोजावेत. मागच्या वर्षीच्या छायाचित्राशेजारी या वर्षीचे लावावे. मानशीच्या दाराची फळी कुजली आहे का ते बघावे. पक्षी पाहावेतच, पण पक्षी ज्या झाडावर बसला ते झाड कुणाच्या सर्व्हे नंबरात आहे हेही वहीत लिहावे. पावसाळ्यात जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ही वही जोडावी. प्रत्येक पंचायतीत ही समिती कायद्याने असायला हवी, आणि अनेक ठिकाणी तिचा फलक तेवढा आहे. कंटाळवाणे काम आहे, टोप्या वाटता येणार नाहीत.

मी हे गेल्या डिसेंबरात करून पाहिले. आमच्याच भागातली सातवी-आठवीची चौदा मुले, एक छोटा ओहोळ, त्याच्या वरची अंदाजे दोन हेक्टरांची रानपट्टी. पहाटे दोन तास पक्षी: मलबारी धनेशाची जोडी दिसली, मुले हरखली. मग देवळाच्या पायरीवर बसून मी त्या जागेचा एक-चौदा वाटला. आधी कुणाला त्यात रस नव्हता. मग नावे वाचायला लागली, एका सर्व्हे नंबरावर सतरा कब्जेदार. एक मुलगी ओरडली, "सर, हे माझे आजोबा!" सगळी तिच्याभोवती जमली. बोटाने तिने ते नाव दाखवले, मग जरा गोंधळून म्हणाली, "पण आजोबा तर वारले. मग आता सही कोण करणार?" मी सांगितले, आजी, मग तुझे वडील, काका, आत्या, त्यांच्या घरची माणसे. तिने वहीत सगळ्यांची नावे लिहून काढली. धनेशाच्या चित्राखाली अकरा नावे. इतर हक्कांच्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवून एक मुलगा म्हणाला की इथे 'धनेश' लिहूया. हसलो सगळे.

रात्री नऊच्या सुमारास फोन वाजला. त्या मुलीचे वडील होते. आधी मुलीचे कौतुक झाले, शिबिराचे आभार झाले. मग जरा थांबून त्यांनी विचारले, "सर, तो उतारा तुमच्याकडे आहे ना? आमच्या वाट्याला साधारण किती चौरस मीटर येतात, ते जरा बघून सांगाल?"